मशीन तुमचं, मग प्रोग्रॅम कुणाचा?

प्रश्न : नमस्कार मॅडम. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. काही वर्षांपूर्वी एक जुनी हायड्रॉलिक प्रेस घेतली, तिच्यावर सीमेन्सची एस-७ ३०० पीएलसी (मशीन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) आहे. पॅनेल ज्यांनी बनवलं त्यांनी धंदा बंद केलाय, फोनही लागत नाही. आता क्लॅम्पिंगचा, म्हणजे जॉब घट्ट धरून ठेवणारा, एक सिलिंडर वाढवायचा आहे. भाच्याने लॅपटॉप लावून प्रोग्रॅम बाहेर काढला, पण त्यात कशालाच नाव नाही. नुसतं आय ०.३, एम १०.२, क्यू ४.१. सॉफ्टवेअरमध्ये गडबड आहे का? एकजण म्हणाले, सरळ नवीन पीएलसी बसवा.

उत्तर : दादा, सॉफ्टवेअर ठीक आहे आणि भाच्यानेही काही बिघडवलेलं नाही. एस-७ ३०० मध्ये चालणारा प्रोग्रॅम असतो, पण सिग्नलची नावं आणि ओळीओळीला लिहिलेल्या टिपा कंट्रोलरमध्ये जातच नाहीत. त्या राहतात प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या संगणकावरच्या मूळ प्रोजेक्टमध्ये. त्यामुळे पीएलसीतून लॅपटॉपवर अपलोड केलं की नुसते पत्ते हातात येतात : आय म्हणजे इनपुट, क्यू म्हणजे आउटपुट, एम म्हणजे आतली मेमरी. सीमेन्सच्याच नंतरच्या १२०० आणि १५०० मालिकांत नावं आणि टिपा कंट्रोलरमध्येही साठवल्या जातात. तुमची प्रेस त्याआधीच्या पिढीतली.

आता ती नावं तुम्हालाच परत लावायची आहेत. काम कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही. गुरुवारच्या सुट्टीत करा, प्रॉडक्शनची घाई नको. आधी पॅनेलच्या दारामागच्या खिशात वायरिंगचं ड्रॉइंग आहे का ते बघा. बऱ्याचदा तेलकट झालेलं, घडीवर फाटलेलं का होईना, तिथे असतं. नसेल तर पंप बंद ठेवा, रॅमखाली (दाब देणाऱ्या, खाली-वर होणाऱ्या भागाखाली) सेफ्टी ब्लॉकचा टेकू लावा आणि फक्त कंट्रोल सप्लाय चालू करा. एकाने मशीनवरचा एकेक लिमिट स्विच हाताने दाबायचा, एकेका सेन्सरसमोर लोखंडाचा तुकडा धरायचा. दुसऱ्याने इनपुट मॉड्यूलवरचा कुठला दिवा लागतो ते वहीत लिहायचं. ‘आय ०.३ – रॅम वर पोचली’, असं. आउटपुटच्या बाबतीत मात्र लॅपटॉपवरून फोर्स करून, म्हणजे जबरदस्तीने चालू करून, बघायचा मोह आवरा. सप्लाय पूर्ण बंद करून टर्मिनलपासून व्हॉल्व्हपर्यंत वायर शोधत जा. मग ही यादी सॉफ्टवेअरच्या सिंबॉल टेबलमध्ये भरा. तोच परका वाटणारा प्रोग्रॅम वाचता येऊ लागतो. भाच्याला हे काम जरूर द्या, त्यातून तो प्रेस जितकी शिकेल तितकी कुठल्याही क्लासमध्ये शिकणार नाही.

सिलिंडर वाढवताना त्याच्या दोन्ही टोकांना सेन्सर घ्या. ‘क्लॅम्प बसला’ हा सिग्नल आल्याशिवाय रॅम खाली येता कामा नये. टायमर लावून ‘दोन सेकंदांत बसलाच असेल’ असं गृहीत धरणारे प्रोग्रॅम मी पाहिले आहेत. प्रेसवर ते मला अजिबात मान्य नाही. आणि इमर्जन्सी स्टॉप, दोन हातांची बटणं, लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) हे सगळं सेफ्टी रिलेमधून वायरिंगनेच गेलेलं असलं पाहिजे. साध्या पीएलसीच्या प्रोग्रॅमवर माणसाचे हात सोपवायचे नाहीत. पॅनेल उघडलंच आहे तर हे आधी तपासा, सिलिंडर नंतर.

प्रोग्रॅमचा एखादा ब्लॉक, म्हणजे भाग, पासवर्डने बंद निघाला, तर इंटरनेटवर मिळणारी कुलूपतोडी साधनं लॅपटॉपवर घेऊ नका. २०२२ साली ड्रॅगोस या औद्योगिक सायबरसुरक्षेतल्या कंपनीने असंच एक साधन उघडून तपासलं होतं. ते पीएलसीचा पासवर्ड काढून द्यायचं, पण सोबत संगणकात सॅलिटी नावाचा व्हायरस सोडायचं. बंद ब्लॉकचं काम काय आहे ते मशीनच्या हालचालीवरून समजून घ्या आणि तेवढा भाग नव्याने लिहून घ्या.

नवीन पीएलसीचं म्हणाल, तर उद्याच बदलायची गरज नाही. पण सीमेन्सने २०२३ पासून एस-७ ३०० टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली आहे, तेव्हा बदल कधीतरी करावाच लागेल. त्या वेळीही वहीतली हीच यादी लागणार आहे.

आणि हे मी जीव तोडून सांगते, कारण भोसरीपासून चाकणपर्यंत मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. पुढचं मशीन घेताना मूळ प्रोजेक्ट मागून घ्या, नावांसकट, टिपांसकट. एचएमआयचा (ऑपरेटरच्या स्क्रीनचा) वेगळा प्रोजेक्ट, मोटरच्या ड्राइव्हचे पॅरामीटर, सगळे पासवर्ड, आणि सॉफ्टवेअरचं नाव व व्हर्जन. हे पीओमध्येच (खरेदीच्या ऑर्डरमध्येच) लिहा आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या. प्रोजेक्टशिवाय मशीन घेणं म्हणजे खरेदीखत न करता घराची नुसती किल्ली घेणं. पॅनेलवाले म्हणतील, ‘आमची विद्या आहे त्यात.’ असते, आणि तिचा मान राखायला हवा. एखादं खास गणित त्यांनी बंद ठेवलं तरी हरकत नाही. पण क्लॅम्प आणि रॅमचा साधा क्रम कुलपात ठेवून गिऱ्हाइकाला अडवून धरणं हा धंदा नव्हे.

प्रश्न : ताई, मी आयटीआय इलेक्ट्रिशियन, सध्या चाकणला अप्रेंटिस आहे. एक क्लास म्हणतो, पाच कंपन्यांची सॉफ्टवेअर एकाच महिन्यात शिकवतो. घरची परिस्थिती बेताची आहे. पैसे भरू का?

उत्तर : नको भरूस. पाच सॉफ्टवेअरमधली बटणं कुठे आहेत तेवढंच कळेल. एक नीट शीक. आयईसी ६११३१-३ हे प्रमाण १९९३ साली आलं, तेव्हापासून लॅडर, फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट या पीएलसी प्रोग्रॅमिंगच्या भाषांना समान पाया मिळाला आहे. एकात हात बसला की बाकीच्यांत फक्त खिडक्या बदलतात. कोडेसिसचं प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात सिम्युलेशनही आहे. सीमेन्सच्या टीआयए पोर्टल या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरची २१ दिवसांची चाचणी आवृत्ती मिळते, ती मात्र तयारी झाल्यावरच लाव.

तुझा एक फायदा तुला दिसत नाहीये. तुला कॉन्टॅक्टर, होल्डिंग आणि इंटरलॉक हाताने जोडता येतात. लॅडर म्हणजे तेच, स्क्रीनवर काढलेलं. फक्त एक फरक डोक्यात पक्का बसव. पीएलसी आधी सगळे इनपुट वाचते, मग प्रोग्रॅम वरून खाली सोडवते आणि शेवटी आउटपुट लिहिते. पुन्हा पहिल्यापासून, सेकंदाला कितीतरी वेळा. म्हणून एकच कॉइल (ओळीच्या शेवटचा आउटपुट) दोन ठिकाणी लिहिलीस तर खालची जिंकते. वरच्या ओळीत सगळं खरं दिसत असतं आणि मोटर मात्र उठत नाही. नवी मुलं यावर तासन् तास घालवतात. स्टॉपचं बटण एनसी (एरवी जोडलेलं, दाबल्यावर तुटणारं) का जोडतात, वायर तुटली तर काय व्हायला हवं, हे आज कामावरच्या सीनियर वायरमनला विचार. आणि लॅपटॉप उघडण्याआधी मशीनचा क्रम मराठीत कागदावर लिहीत जा : काय झाल्यावर काय होतं, आणि ते झालं नाही तर काय व्हायला हवं. मुलाखतीत मी तरी तो कागदच मागते.

प्रश्न : मेंटेनन्सच्या जुन्या लॅपटॉपवर पीएलसीचं जुनं सॉफ्टवेअर आहे. आयटी विभाग आता तो फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकणार आहे. चालेल का? (रांजणगाव)

उत्तर : आधी थांबवा त्यांना. काही सॉफ्टवेअरचं लायसन्स डिस्कवरच असतं. सीमेन्सची लायसन्स की लायसन्स मॅनेजरमधून दुसरीकडे हलवल्याशिवाय फॉरमॅट केलं तर ती गेली. जुनं विंडोज आणि जुनं सॉफ्टवेअर एका व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवा आणि त्याची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. पीएलसीला जोडायची सिरीयल केबल नव्या लॅपटॉपवर चालवून बघितल्याशिवाय जुना लॅपटॉप सोडू नका, सगळेच यूएसबी कन्व्हर्टर चालत नाहीत. प्रोजेक्टची एकुलती एक प्रत नव्या व्हर्जनमध्ये उघडू नका. टीआयए पोर्टलमध्ये प्रोजेक्ट एकदा वरच्या व्हर्जनला नेला की जुन्यात उघडत नाही, म्हणून आधी प्रत काढा.

आणखी एक. ऑपरेटरने एचएमआयवरून बदललेले टायमर आणि प्रेशरचे आकडे लॅपटॉपवरच्या प्रोजेक्टमध्ये नसतात. नव्या लॅपटॉपवरून पीएलसीत पहिलं डाउनलोड करण्याआधी ते मशीनमधून वाचून उतरवून घ्या, नाहीतर कमिशनिंगच्या (मशीन पहिल्यांदा चालू केल्याच्या) दिवशीचे आकडे परत बसू शकतात.