परराष्ट्र धोरणावरच्या वादात समोरचा प्रत्येक बातमीला ‘विकाऊ’ ठरवत असेल, तर काय करावे?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर युक्रेनच्या युद्धावरून वाद पेटला, आपण एका इंग्रजी वर्तमानपत्राची बातमी पुढे केली आणि ‘हे तर विकाऊ माध्यम’ एवढे म्हणून ती झटकली गेली. समोरच्याने एका वाहिनीची चित्रफीत टाकली, तेव्हा आपणही ‘गोदी मीडिया’, म्हणजे सरकारच्या मांडीवर बसलेले माध्यम, म्हणून ती उघडून पाहिली नाही, हे आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे. आता आपल्याला असे एखादे निःपक्षपाती माध्यम हवे आहे, जे दाखवले की समोरचा गप्प बसेल. नागपुरातल्या एका मराठी दैनिकात परदेशाच्या पानावर मी एकवीस वर्षे उपसंपादक होतो. तसे माध्यम मला कधी भेटले नाही, आणि भेटले असते तरी त्याने आपला वाद मिटला नसता, असे माझे मत आहे.

परदेशाचे पान कसे लागते ते आधी सांगतो, कारण ‘विकाऊ’ हा शब्द वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते लागताना पाहिलेले असते. मराठी दैनिकाचा वार्ताहर सहसा कीव्हमध्ये नसतो आणि न्यूयॉर्कमध्येही नसतो. पीटीआय, रॉयटर्स, एपी, एएफपी अशा वृत्तसंस्थांची इंग्रजी कॉपी येते. रात्रपाळीचा उपसंपादक ती मराठीत आणतो, जागेच्या हिशेबाने खालून कापतो आणि वर मथळा देतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाणारी डाक आवृत्ती आधी सोडायची असते, त्यामुळे त्या मथळ्याच्या वाट्याला चार-पाच मिनिटे येतात. मजकूर संस्थेचा असतो, मथळा आमचा असतो. वाचक बहुधा मथळाच वाचतो, आणि ग्रूपवर तर मथळ्याचेच छायाचित्र फिरते. ‘आमच्या सरकारची बाजू मुद्दाम गाळली’ असे जे सांगितले जाते, त्यातल्या निम्म्या वेळा ती बाजू शेवटच्या परिच्छेदात होती आणि जाहिरात आल्यामुळे कापली गेली, एवढेच घडलेले असते. उरलेल्या निम्म्या वेळांबद्दल मी शपथ घेणार नाही.

माझीच एक चूक सांगतो. रशियाने युक्रेनचा क्रिमिया ताब्यात घेतल्यावर २७ मार्च २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्यावर मतदान झाले. युक्रेनच्या प्रादेशिक अखंडतेचा तो ठराव १०० विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला आणि ५८ देश तटस्थ राहिले, ज्यांत भारत होता. त्या रात्री मी मथळा दिला, ‘क्रिमियाच्या मतदानाला भारत गैरहजर’. दुसऱ्या दिवशी वर्ध्याहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. त्यांचा आवाज शांत होता. त्यांनी विचारले, “साहेब, भारत सभागृहात होता की नव्हता, एवढेच सांगा.” मी कॉपी पुन्हा काढून पाहिली. भारत सभागृहात होता, त्याने तटस्थतेचे बटण दाबले होते. सदस्य देश १९३, त्यांतून १००, ११ आणि ५८ वजा केले तर २४ उरतात. मतदानात भाग न घेतलेले देश ते २४ होते. त्यांत इस्रायल होता, आणि आपल्या परराष्ट्र खात्यातील संपाचे कारण त्याने पुढे केले होते. म्हणजे मी भारताला नेमके त्या रांगेत नेऊन बसवले होते, जिथे तो नव्हता. चार दिवसांनी आठव्या पानावर, एका निविदा सूचनेच्या खाली, आमचा दोन ओळींचा खुलासा छापून आला.

त्या फोनने मला जे शिकवले, ते पुढच्या सगळ्या नोकरीत उपयोगी पडले. एकाच कृतीला मराठीत ‘तटस्थ राहिला’, ‘मतदान टाळले’, ‘मतदानापासून दूर राहिला’ आणि ‘गैरहजर राहिला’ असे चार शब्दप्रयोग आहेत, आणि चारही वेगवेगळे वास घेऊन येतात. पहिल्यात विचार दिसतो, दुसऱ्यात पळपुटेपणा दिसतो, तिसरा कुंपणावरचा आहे, आणि चौथा तर सरळ चुकीचा आहे. यांतला कोणता शब्द निवडला गेला, यावरून लोक भारताची बाजू घेतात किंवा भारताला नावे ठेवतात, आणि आपण धोरणावर भांडत आहोत अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात ते रात्री साडेनऊ वाजता घाईत बसलेल्या एका माणसाच्या क्रियापदावर भांडत असतात.

म्हणून माझी पहिली सूचना अशी आहे की, ‘हे माध्यम विकाऊ आहे’ या विधानाशी वाद घालूच नये. तो हेतूवरचा आरोप आहे आणि हेतू ग्रूपवर सिद्ध होत नाही किंवा खोटाही ठरत नाही. त्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: या बातमीतले कोणते वाक्य खोटे आहे? समोरच्याने एखाद्या वाक्यावर बोट ठेवले, तर आपल्याला तपासायला काहीतरी मिळते. त्याने बोट ठेवले नाही, तर तेही सगळ्यांना दिसते. हाच प्रश्न स्वतःलाही लावावा लागतो, आणि तिथेच बहुतेकांची अडचण होते. ती चित्रफीत न पाहताच आपणही बाजूला सारली होती.

खोटे वाक्य सापडते, तेव्हा मात्र गय करू नये. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, भारतीय नौदलाने कराची बंदरावर हल्ला केल्याची बातमी आपल्याकडच्या अनेक वाहिन्यांनी रात्रभर चालवली. तसे काही घडले नव्हते. त्याच दिवसांत व्हिडिओ गेममधली दृश्ये युद्धाची म्हणून घरोघरी पोहोचली. याला कल म्हणत नाहीत, याला खोटी बातमी म्हणतात. पण मग परदेशी वर्तमानपत्रे सोवळी, असाही निष्कर्ष काढता येत नाही. इराककडे महासंहारक शस्त्रे असल्याच्या २००३ पूर्वीच्या बातम्यांत न्यूयॉर्क टाइम्सने पुरेशी शहानिशा केली नव्हती, हे त्या वर्तमानपत्राच्या संपादकांनी २६ मे २००४ रोजी स्वतःच छापून मान्य केले. तोपर्यंत युद्ध होऊन वर्ष उलटले होते. तरीही मी ज्याच्या खिशात शुद्धिपत्र आहे त्याच्यावर थोडा अधिक विश्वास ठेवतो. चूक कोण करतो यापेक्षा ती छापून कोण कबूल करतो, हे पाहणे मला जास्त उपयोगाचे वाटते, मग तो खुलासा निविदा सूचनेच्या खाली का असेना.

कल असणे हा गुन्हा नाही, हे नागपूरकरांना तरी सांगावे लागू नये. तरुण भारत संघविचारांचा आहे, लोकमतचे संस्थापक जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे मंत्री होते आणि हितवाद १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सुरू केला, हे वाचकांना ठाऊक होते. दारात कोणता पेपर पडतो यावरून घराचे मत ओळखले जायचे, आणि नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या आळीत तर सकाळी दहाच्या सुमारास पेपरांची अदलाबदल व्हायची. माणूस एक पेपर वाचताना मनातल्या मनात थोडी वजाबाकी करत असे आणि दुसरा वाचताना थोडी बेरीज. आता बातमी येते ती शीर्षपट्टी कापून, कोणाची ते न सांगता, आठव्यांदा पुढे ढकललेली. वजाबाकी किती करायची, हे कळण्याची सोयच राहिलेली नाही. त्यामुळे समोरच्याने काही पाठवले, तर ‘हे मुळात कोणी आणि कोणत्या तारखेला छापले?’ असे मी विचारतो. तारीख सर्वांत महत्त्वाची आहे; का, ते पुढे येईलच.

आता मूळ वादाकडे येतो. २ मार्च २०२२ रोजी आमसभेने रशियाच्या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव १४१ विरुद्ध ५ मतांनी मंजूर केला आणि ३५ देश तटस्थ राहिले. भारत त्या ३५ मध्ये होता. आपल्या ग्रूपवर एक गट याला नव्या भारताचा बाणेदारपणा म्हणतो आणि दुसरा गट याला आपल्या परंपरेशी केलेली गद्दारी म्हणतो, असे आपल्या वर्णनावरून दिसते. दोघांनीही मागची पाने उलटलेली नाहीत. नोव्हेंबर १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, तेव्हा ४ तारखेच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, आणि ९ तारखेला तर संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली हंगेरीत निवडणुका घ्याव्यात या मागणीच्या ठरावाविरुद्ध त्याने मत दिले. १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या, तेव्हा सुरक्षा परिषदेत भारत तटस्थ होता. जानेवारी १९८० मध्ये अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत फौजांच्या प्रश्नावर आमसभेत तटस्थ. २०१४ मध्ये क्रिमियावर तटस्थ. नेहरू, इंदिरा गांधी, मनमोहन सिंग आणि नरेंद्र मोदी यांच्यात इतर बाबतींत जे अंतर असेल ते असो, मॉस्कोच्या बाबतीत दिल्लीचा हात बटणाकडे जवळपास सारखाच गेलेला आहे. त्यामागे शस्त्रास्त्रांचे जुने अवलंबित्व आहे, सोव्हिएत संघाशी १९७१ मध्ये झालेल्या मैत्री कराराची आठवण आहे, आणि २०२२ नंतर तेलही आहे. युद्धापूर्वी आपल्या आयातीत रशियन तेल दोन टक्क्यांहून कमी होते, २०२३-२४ मध्ये ते एक तृतीयांशाच्या वर गेले. हे धोरण योग्य की अयोग्य यावर भांडण्यासारखे पुष्कळ आहे. माझे स्वतःचे मत विचाराल, तर १९५६ चे मत मला आजही अवघड जाते आणि २०२२ चे समजू शकते. पण ते नवे आहे किंवा परंपरेला सोडून आहे, असे कोणत्याही गटाने म्हणू नये.

जाता जाता, परराष्ट्र धोरणावर टीका केली की देशद्रोह, असे कोणी म्हणाले तर त्यांना सांगावे की डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिमंडळ सोडताना दिलेल्या कारणांत परराष्ट्र धोरण होते. ३५० कोटी महसुलापैकी १८० कोटी लष्करावर खर्चावे लागतात आणि हा त्या धोरणाचा परिणाम आहे, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. दीक्षाभूमी ज्या गावात आहे, तिथे हे वाक्य एकदा टाकले की तो विशिष्ट शब्द निदान त्या दिवसापुरता थांबतो.

तारखेचे महत्त्व गाझाच्या उदाहरणाने कळेल. २७ ऑक्टोबर २०२३ रोजी आमसभेत युद्धविरामाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. १२ डिसेंबर २०२३ रोजी तशाच मागणीच्या ठरावाच्या बाजूने त्याने मत दिले. १२ जून २०२५ रोजी तो पुन्हा तटस्थ राहिला, आणि १२ सप्टेंबर २०२५ रोजी द्विराष्ट्र तोडग्याच्या, म्हणजे इस्रायल आणि पॅलेस्टाइन अशी दोन राष्ट्रे असावीत या, घोषणापत्राच्या बाजूने मत दिले. आता यांतली फक्त ऑक्टोबर आणि जूनची कात्रणे घेतली, तर ‘भारताने पॅलेस्टाइनला वाऱ्यावर सोडले’ असा संदेश तयार होतो. फक्त डिसेंबर आणि सप्टेंबरची कात्रणे घेतली, तर ‘भारत पॅलेस्टाइनच्या पाठीशी’ असा. दोन्ही संदेशांत एकही वाक्य खोटे नाही. मी वर सुचवलेला प्रश्न इथे तोकडा पडतो, हे मान्य करतो. खऱ्या बातम्यांची अशी निवड करणे, हाच माझ्या अनुभवात सर्वांत पक्का पक्षपात आहे, आणि तो करायला वाहिनीही लागत नाही, ग्रूपवरचा आपल्यासारखाच एखादा गृहस्थ पुरतो. अशा वेळी चारही तारखा एकाखाली एक लिहून टाकाव्यात आणि प्रत्येक मतानंतर भारताच्या प्रतिनिधीने काय स्पष्टीकरण दिले ते जोडावे. तटस्थ राहिलेला देश बहुधा त्याचे कारण सांगतो. २०२२ मध्ये भारताचे स्थायी प्रतिनिधी टी. एस. तिरुमूर्ती यांनी ते सांगितले होते. मंजूर ठरावाचा मजकूर आणि देशवार मतांची नोंद संयुक्त राष्ट्रे स्वतः प्रसिद्ध करतात, त्याला ना मथळा असतो ना माझ्यासारखा उपसंपादक.

याचा उपयोग होतोच असे मी सांगत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये आमच्या धरमपेठेतल्या सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रूपवर हाच वाद झाला होता. मी मतांच्या नोंदीचे छायाचित्र टाकले. पाच मिनिटांत एका तरुण सदस्याचे उत्तर आले, “यूएन बी विकल्या गेली असन, काकाजी.” बरेच हसणारे चेहरे उमटले. मी पुढे काही लिहिले नाही. रात्री त्याच मुलाचा खासगी संदेश आला: “काकाजी, ते ३५ देश कोणते होते जी? यादी असन तर पाठवा ना.” मी पाठवली. नेपाळ आणि भूतान त्या यादीत नव्हते, त्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले होते. भारताच्या काही ओळी खाली पाकिस्तान होता. दोन निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॅफिक पार्कजवळ तर्री पोहे खाताना त्याने मात्र विचारले की पाकिस्तानने तटस्थ राहून काय कारण दिले होते.