रंग भडक दिसतात, म्हणून नीट दिसतात का?

प्रिय मित्रा,

सायकेडेलिक, म्हणजे भास घडवणाऱ्या द्रव्यांमुळे रंग कसे बदलतात, यावर तू प्रबंध करणार हे वाचून बरं वाटलं. आराखड्यातलं एक वाक्य मात्र मी खोडलंय: ‘या द्रव्यांनी रंगदृष्टी सुधारते.’ रंग जिवंत झाले असं लोक सांगतात ते खोटं नसतं. पण रंग भडक दिसणं वेगळं, आणि दोन अगदी जवळच्या छटा अचूक ओळखता येणं वेगळं.

दुसरी गोष्ट मोजता येते. फार्न्सवर्थ-मन्सेल चाचणी आधी स्वतःवर करून बघ. नाव शंभर छटांचं, पण हलवायच्या टोप्या, म्हणजे छोट्या गोल रंगीत चकत्या, ८५, चार पेट्यांत. टोकाच्या टोप्या पक्क्या असतात; मधल्या विस्कटलेल्या छटेच्या क्रमाने लावायच्या. निळसर हिरव्यापाशी हात अडखळतो, तीच टोपी आपण दोनदा उचलतो आणि पुन्हा तिथेच ठेवतो. १९६३ साली हार्टमन आणि हॉलिस्टर या संशोधकांनी एलएसडी, मेस्कालिन आणि सायलोसायबिन ही अशीच तीन द्रव्यं देऊन रंगजाणीव तपासली. रंगांचे अनुभव वाढले, छटा ओळखण्यातली अचूकता मात्र घसरली. तरी घाई करू नकोस. ज्याला समोरची भिंत हलताना दिसतेय, तो टोप्या लावत बसेल का? चूक डोळ्याची की लक्ष उडाल्याची, हे कळायला करड्या टोप्या उजेड-गडद क्रमाने लावायचं कामही सोबत दे.

बदल मुख्यतः मेंदूत होतो. ही द्रव्यं सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या ५-एचटी-२ए ग्राहींवर (पेशींवरच्या, ते रसायन टिपणाऱ्या जागांवर) काम करतात, आणि दृष्टीच्या प्राथमिक बाह्यकात, म्हणजे डोळ्यांकडून आलेले संदेश मेंदूच्या ज्या पृष्ठभागावर आधी पोचतात तिथे, ते भरपूर असतात. केटॅन्सेरिन या औषधाने हे ग्राही अडवले की सायलोसायबिनचा परिणाम बहुतांशी ओसरतो. शिवाय डोळे मिटूनही रंगीत जाळ्या, बोगदे, सर्पिलं दिसतात. मेस्कालिनबाबत हे क्लूव्हर या मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकातच नोंदवलंय. पण बाहुल्या मोठ्या होऊन डोळ्यात जास्त उजेड शिरतो, हेही खरंच. नियंत्रण गटाला बाहुली मोठी करणारे थेंब घालायला हवेत. एवढी साधी गोष्ट बरेच जण विसरतात.

२०२३ साली आलेला तो अहवाल तू ठळक अक्षरांत टाकलायस: लाल-हिरव्याची सौम्य अडचण असलेल्या एका माणसाचे इशिहारा चाचणीतले (रंगीत ठिपक्यांच्या तक्त्यांत लपलेले आकडे ओळखायचे) गुण सायलोसायबिननंतर वाढले. मजेशीर आहे, पण माणूस एक, चाचणी त्याची त्यानेच घेतलेली, आणि तेच तक्ते पुन्हा पुन्हा पाहिले की आकडे पाठ होतात. जन्मजात रंगांधता शंकूपेशींतल्या, म्हणजे डोळ्यातल्या रंग टिपणाऱ्या पेशींतल्या, रंगद्रव्यात असते. ती अशी दुरुस्त झाली म्हणायला बराच भक्कम पुरावा लागेल. तळटीपेत घाल.

‘स्वतः घेऊन बघू का?’ असंही विचारलंस. नको. कायदा आहेच, घरात कुणाला मनोविकाराचा इतिहास असेल तर धोका मोठा, आणि काहींना वस्तूंमागे ओढले जाणारे रंगीत माग, कडांभोवतीची वलयं महिनोन्‌महिने सोडत नाहीत. मुलाखतींत अशा लोकांनाही शोध, नुसते खूश असलेले जमवू नकोस.

प्रश्नावली पाठव. कुठली वस्तू, कुठल्या उजेडात, डोळे उघडे होते की मिटलेले, हे आधी विचार. ‘रंग तेजस्वी वाटले का?’ हा पहिला प्रश्न मात्र काढून टाक. उत्तर तूच त्यांच्या तोंडात घालतोयस.

तुझा,
मार्गदर्शक