शिमानोचं काय चुकलं?

तुमचा प्रश्न : सायकलचे गिअर बनवणाऱ्या शिमानोनं स्नोबोर्डचे (बर्फावर घसरायच्या फळीचे) बूट आणि ते फळीला अडकवणारं बाइंडिंग काढणं हा मूर्खपणा होता का? आणि पहिल्यांदा गुलमर्गला जाताना स्टेप-इन (बूट दाबला की अडकणारं) बाइंडिंग घ्यावं की पट्ट्यांचं?

मूर्खपणा अजिबात नव्हता. 1990 साली त्यांचं एसपीडी पेडल आलं. बुटाच्या तळाला क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारा धातूचा छोटा तुकडा, दाबलं की खट्, टाच वळवली की पाय मोकळा. पुढं स्नोबोर्ड बनवणाऱ्या के-टू कंपनीसोबत आलेलं क्लिकर हे स्टेप-इन बाइंडिंग त्याच विद्येतलं. बर्फात बूड टेकून पट्टे आवळायची गरजच नाही.

नागपुरात आमचं सायकलचं दुकान आहे. मी क्लीटवाले जोडे ठेवायला लागलो तेव्हा दादा भडकला, "सायकलवाल्यानं सायकल विकावी, जोडे काहून विकून रायला बे?" जुलैत एक गिऱ्हाईक गोरेवाड्याकडं गेलं, रस्त्याकडेला काळ्या मातीत उतरलं, आणि नंतर पाय पेडलला बसेचना. दुसऱ्या दिवशी त्यानं तो जोडा काउंटरवर आपटला. क्लीटच्या खाचेत माती विटेसारखी वाळली होती. मी पेचकसनं ती कोरत होतो आणि दादा गिऱ्हाइकासमोरच म्हणाला, "पाह्य, सांगतलं होतं न तुले." उरलेले जोडे त्यानं माळ्यावर टाकले. आजही तिथंच आहेत.

स्टेप-इनचं दुखणं नेमकं हेच होतं. तळाला बर्फ दाबून बसला की लॉक लागत नाही. शिवाय पट्टे नाहीत म्हणून पाय धरायचं सगळं काम बुटावर येतं, तो ताठ करावा लागतो आणि बोर्डवाल्यांना घोट्याशी लवचीक बूट हवा असतो. म्हणजे अडचण यंत्राची होती, "आपल्या धंद्यातच राहा" असा धडा त्यातून निघत नाही. नायकी तर जन्माची जोडेवाली, तीही 2014 मध्ये स्नोबोर्डमधून बाहेर पडली. आणि 1977 पासून बोर्डच बनवणाऱ्या बर्टननं 2017 मध्ये पट्ट्यांशिवायचं स्टेप ऑन आणलंच की! खाचेत माती का अडकते हे पेडल खोलणाऱ्यालाच कळतं. मी दादाला तेव्हाही हेच म्हणत होतो. थोडी मोकळी खाच असलेलं पेडल मागवू दिलं असतं तर ते गिऱ्हाईक टिकलं असतं.

तुम्ही पट्ट्यांचंच घ्या. भाड्याचा जवळपास कुठलाही स्नोबोर्ड-बूट त्यात बसतो, स्टेप-इनला जोडीचाच बूट लागतो. मी स्वतः बर्फावर एकदाच उभा राहिलोय, औलीला, तेही स्कीवर. त्यामुळे बुटाचं माप तिथल्या माणसाला विचारूनच ठरवा. आणि पाय अडकवण्याआधी तळ झटका.