शेजारच्या मावशींनी दिलेलं हिरवं मलम मुलाच्या गुडघ्याला लावू का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नोकरीसाठी नुकतेच कोल्हापुरात आलात, 7 वर्षांचा मुलगा सायकलवरून पडून गुडघा खरचटला, आणि शेजारच्या मावशींनी घरी केलेल्या हिरव्या मलमाची डबी आणून दिली. ते लावावं का, आणि अशा झाडपाल्याच्या मलमांनी खरंच गुण येतो का?

मंगळवार पेठेत माझं मेडिकल आहे, 22 वर्षं झाली. त्याआधी भुदरगडात आजीच्या हाताखाली मलम घोटलंय. दोन्हीकडचं बघितलंय, एवढाच माझा अधिकार. डॉक्टर नाही.

आधी गुडघा. मलमाचा विचार नंतर. नळ सोडा आणि वाहत्या पाण्याखाली गुडघा धरा, बारीक खडी आणि माती निघेपर्यंत. पोरगं बोंब ठोकेल, ठोकू दे. डांबरी रस्त्यावरची काळी कच आत राहिली तर वरून कातडी येते आणि खाली निळसर डाग कायमचा राहतो. माझ्या कोपरावर तसा एक आहे, फुलेवाडीच्या उतारावरचा. धुऊन झालं की स्वच्छ फडकं दाबून रक्त थांबवा. मुलाचे लसीचे डोस वेळच्या वेळी झाले असतील (5 वर्षांचा बूस्टर धरून) तर साध्या खरचटण्याला धनुर्वाताचं वेगळं इंजेक्शन लागत नाही. तुमचं स्वतःचं शेवटचं कधी झालंय ते मात्र आठवून बघा. मोठ्या माणसांचं 10 वर्षांनी घ्यायचं राहूनच जातं, आणि जखमेत माती-शेण गेलं असेल तर 5 वर्षं झाली असली तरी घ्यावं लागतं.

आता मलम. आपल्याकडं पक्का समज आहे की जखम उघडी ठेवावी, वारा लागू द्यावा, खपली धरू द्यावी. 1962 साली जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकानं डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेली वरवरची जखम उघड्या जखमेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगानं भरून येते. तेल-मेणाचं मलम पातळ लावलं की तेच होतं. कातडी सुकत नाही, पट्टी चिकटत नाही, ओढ बसत नाही. म्हणजे मावशींच्या डबीतला मोठा गुण त्यातल्या तेलामेणाचा आहे, पाल्याचा वाटा त्याच्या मागं. साधी पेट्रोलियम जेली हेच काम करते. हे मी आजीसमोर बोललो असतो तर लाटणं बसलं असतं.

पण तुमच्या डबीचा हिरवा रंग कुठून आला ते विचारायला हवं. कडुनिंब किंवा दगडी पाल्याचा असेल तर ठीक. दगडी पाला म्हणजे बांधावर उगवतं ते लांब दांड्याचं, पिवळट-पांढऱ्या बारक्या फुलाचं. काही जण एकदांडी किंवा कंबरमोडी म्हणतात. ऊस तोडताना हात कापला की आमच्याकडं सगळे तोच चुरगाळून पिळतात. रक्त थांबतं, मी कितीदा केलंय. पण बांधावरचा पाला, मळका हात आणि उघडी जखम, यात धनुर्वाताला वाट मोकळी, हे तेव्हा कळत नव्हतं.

हिरव्याचं दुसरं कारण मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. जुन्या व्रणांसाठी जे जात्यादि तेल मिळतं, त्यात जाईचा पाला, कडुनिंब, करंज, हळद, मंजिष्ठा, मेण यांच्याबरोबर मूळ पाठातच मोरचूद आहे. वैद्यानं मापानं घातलेलं वेगळं आणि कुणी घरी चिमूट-चिमूट अंदाजानं टाकलेलं वेगळं. ते झोंबतं आणि कातडी जाळतं. मुलाच्या गुडघ्याला नको. तसंच केशरी मलम कुणी दिलं आणि 'शेंदराचं आहे' म्हणालं तर हात जोडून परत करा. शेंदूर म्हणजे शिसं.

मलम नीट केलंय का हे कसं ओळखायचं, त्यासाठी आजीची रीत सांगतो. तिचं प्रमाण आयुर्वेदातलंच होतं, फक्त तिला ते तसं माहीत नव्हतं: 1 भाग वाटलेला पाला, 4 भाग तेल, 16 भाग पाण्याचा काढा. 'पाल्याच्या चौपट त्याल, त्यालाच्या चौपट पानी' एवढंच ती म्हणायची. तिळाचं तेल, कल्हईचं पातेलं, चुलीत दोनच लाकडं. सकाळी चढवलेलं दुपारपर्यंत चालायचं. पाणी आटत आलं की तेलावर फेस चढायचा. मग ती पळीनं तळाचा गाळ काढायची, दोन बोटांत वळून त्याची वात करायची आणि चुलीतल्या जाळावर धरायची. 'तडतडली न्हवं? अजून पानी हाय. बस खाली.' मी परत बसायचो. वात गुपचूप पेटली की पातेलं खाली. आजोबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं, आणि गरम असतानाच मेण घालायचं, तेलाच्या पाचव्या हिश्शाएवढं. उन्हाळ्यात थोडं जास्त, नाहीतर डबीत वितळून बसतं. मेण पाटगावाकडनं यायचं, ज्याला आता मधाचं गाव म्हणतात. शेवटी थेंब थंड ताटलीवर टाकून नखानं उकरून बघायचं.

त्या तडतडण्यातच सगळं आहे. मलमात पाणी राहिलं की बुरशी आणि जंतू आलेच. इंटरनेटवरच्या व्हिडिओंत हल्ली कोरफडीचा ताजा गर खोबरेल तेलात फेटून 'नैसर्गिक मलम' करायला सांगतात. फ्रीजमध्ये दोन-चार दिवस ठीक, पण तेच बाहेर महिनाभर ठेवून जखमेला लावणं म्हणजे जखमेला जेवण वाढणं. तेव्हा मावशींची डबी उघडून वास घ्या. खवट, आंबूस लागला, वर केसाळ ठिपका किंवा पाण्याचा थेंब दिसला तर वापरू नका. चांगलं असेल तर आधी मुलाच्या दंडाला आतल्या बाजूनं मुगाएवढं लावा, दिवसभर थांबा, खाज-लाली आली नाही तर गुडघ्याला. कोरड्या चमच्यानं काढा. ओलं बोट डबीत घातलं म्हणून मी आजीचा मार खाल्लाय.

याच व्हिडिओंतला आणखी एक घोटाळा. परदेशी लोक मलमात जे कॅलेंडुला घालतात त्याला मराठीत बिनधास्त 'झेंडू' म्हणून मोकळे होतात. दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडू वेगळी वनस्पती आहे, आणि तिचा रस काहींच्या कातडीला उन्हात उलटतो.

आता मलम कुठं लावायचं नाही ते. इथं मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण दुकानात रोज हेच बघतो.

भाजल्यावर लगेच नाही. आमच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं. काहिलीतला पाक उतरवायच्या वेळी 118 अंशांच्या आसपास असतो, पाण्यापेक्षा गरम, वर चिकट. चुलतभावाच्या मनगटावर तो उडाला. घरच्यांनी आधी तूप लावलं, मग कुणीतरी शाई ओतली, मग कुणीतरी राख. शहरात आणला तेव्हा नर्सनं ते सगळं खरवडून काढलं, आणि तो म्हणतो की भाजताना ओरडलो नाही तेवढा तेव्हा ओरडलो. तुपानं उष्णता आत कोंडली ते वेगळंच. भाजलं की आधी वाहतं साधं पाणी, 20 मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नको, टूथपेस्ट नको. फोड फोडू नका. तळहातापेक्षा मोठं असेल, चेहऱ्यावर, हातावर, सांध्यावर असेल, किंवा पांढरंफटक पडून दुखतच नसेल तर सरळ दवाखाना. वरवरचं पोळलेलं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून शतधौत घृत किंवा राळेचं मलम लावायला हरकत नाही, गार वाटतं. शतधौत घृत म्हणजे तांब्याच्या ताटात तूप-पाणी तांब्यानं घोटायचं, पाणी ओतून टाकायचं, असं शंभर वेळा. तूप लोण्यासारखं पांढरं होतं आणि तुपाचा वास जवळजवळ जातो. शंभर वेळा कोण घोटतंय आता, विकत मिळतं.

चिखल्यांवर नाही. 2019 च्या पुरात आणि परत 2021 ला अर्ध्या गल्लीचे पाय दिवसदिवस पाण्यात. बोटांच्या बेचक्यात पांढरी, फुगलेली, वास येणारी कातडी. लोक तिथं कडुनिंबाचं तेलकट मलम थापत होते. तिथं आजारच ओलाव्याचा आहे, त्यावर तेलाचं झाकण घातलं की बुरशीचं फावतं. धुवा, कोरडं पुसा, बोटांत सुती कापड ठेवा, बुरशीनाशक पावडर किंवा पातळ क्रीम लावा. पुराच्या पाण्यात जखम घेऊन चालला असाल आणि नंतर ताप, पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर मलम शोधत बसू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या पाण्यातून होणारा ताप) शंका असते, सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात जा.

गजकर्णावर तर अजिबात नाही. तालमीतली पोरं येतात, लंगोटाच्या पट्ट्यावर नायटा. एकाचा दुसऱ्याला, दुसऱ्याचा सगळ्या आखाड्याला. आणि येताना बिनलेबलची डबी घेऊन येतात, 'आयुर्वेदिक आहे, दोन दिवसांत खाज गेली'. दोन दिवसांत खाज गेली, इथंच मला शंका येते. झाडपाला इतका घाईत नसतो. अशा डबीत बहुतेक वेळा स्टेरॉइड कालवलेलं असतं. खाज मरते, बुरशी जोमानं पसरते, कातडी कागदासारखी पातळ होते. 2018 साली सरकारनं स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, त्याला हेच कारण होतं. तरी 'भावा, तेवढी ट्यूब दे की' म्हणणारे थांबत नाहीत.

आणि साखर असलेल्यांच्या पायाच्या जखमेवर घरचं मलम नाही. एक काका महिनाभर अंगठ्याच्या व्रणाला तेल लावत होते, दुखत नाही म्हणून खुश. दुखत नव्हतं कारण संवेदनाच गेली होती. शेवटी अंगठा काढावा लागला.

मलमानं खरं सुख कुठं मिळतं म्हणाल तर टाचांच्या भेगांना. आजरा-चंदगड बाजूला कोकमाच्या बियांचं तेल मिळतं, थंडीत दगडासारखा गोळा. रात्री कोमट पाण्यात पाय बुडवून, पुसून, तो गोळा जरा गरम करून भेगेत भरा आणि मोजे घाला. आठ दिवसांत फरक दिसतो. भेगेला बिब्बा मात्र कुणाच्या सांगण्यावरून लावू नका. बिब्बा उतला की फोड येतात, आणि ज्यांना उततो त्यांना भेगा परवडल्या असं वाटतं.

मुका मार, लचक यावर आंबेहळद किंवा लेपगोळी सहाणेवर उगाळून गरम लेप लावतात. तालमीत वस्ताद वर्षानुवर्षं हेच करत आलेत आणि ठणका कमी होतो. पहिले दोन-तीन दिवस मात्र गार शेक, गरम लेप त्यानंतर, आणि कातडी फुटलेली असेल तिथं नाहीच. पाय टेकवत नसेल तर लेप राहू द्या, एक्स-रे काढा.

कोल्हापुरात आलाय म्हणजे चप्पल घ्याल आणि ती चावेल. तेव्हा मलम पायाला लावण्याआधी चपलेला तेल पाजा, पट्ट्याच्या आतल्या बाजूनं, दोन रात्री.

विकत घ्यायचं असेल तर डबीवर घटक, बॅच नंबर, परवाना क्रमांक आणि तारीख छापलेली बघा. राळ, कापूर, चंदन असलेलं साधं मलम घरात एक असू द्यावं, पण कापराचं 2 वर्षांखालच्या बाळाला नको आणि कुणाच्याही उघड्या जखमेवर नको. तुमच्या पोराच्या गुडघ्याला धुऊन, मावशींचं मलम पातळ, वर पट्टी, रोज बदलायची. लाली पसरत गेली, गरम लागलं, पू आला किंवा ताप आला तर पट्टी काढून डॉक्टरांना दाखवा. आणि मावशींना विचाराच, रंग पाल्याचा की मोरचुदाचा. त्या काय म्हणाल्या ते इथं खाली लिहा, पाल्याचा निघाला तर मलाही त्यांची कृती हवीय.