आयर्लंडचे मंत्री इतक्या नाना विषयांवरील प्रश्नांना उत्तरे देतात तरी कशी?

आपण विचारले आहे, की आयर्लंडच्या संसदेत एकाच दिवशी घरांपासून मासेमारीपर्यंतचे शेकडो लेखी प्रश्न येतात, मग मंत्र्यांना या साऱ्यांची उत्तरे ठाऊक असतात तरी कशी. ती ठाऊक नसतात, आणि तशी अपेक्षाही नसते. मंत्रालयात कक्ष अधिकारी असताना मी बरीच वर्षे तारांकित प्रश्नांची उत्तरे तयार केली. आता मुलीकडे डब्लिनला असल्यामुळे येथील उत्तरे जुन्या खोडीने वाचतो. दोन्हीकडे मसुदा विभागातील अधिकारीच लिहितात, जबाबदारी मात्र मंत्र्यांची असते.

आपल्याकडचा प्रश्न ‘हे खरे आहे काय’ने सुरू होतो, आणि ‘असल्यास’च्या पायऱ्या उतरत उतरत उत्तर ‘अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’ येथे येऊन टेकते. डॉल या कनिष्ठ सभागृहातील प्रश्नाला ‘आणि मंत्री याबाबत निवेदन करतील काय’ अशी शेपटी बहुधा असतेच. एखाद्या वृद्धेची खुब्याची शस्त्रक्रिया रखडली असेल, तर तिचे नाव छापले जात नाही. कंसात ‘तपशील दिला आहे’ एवढेच येते आणि नाव-पत्ता स्वतंत्रपणे विभागाकडे जातो. अशा वैयक्तिक गाऱ्हाण्यांचा भरणा मोठा आहे, कारण एकेका मतदारसंघातून अनेक सदस्य पसंतीक्रमाच्या मतदानाने निवडून येत असल्यामुळे स्वपक्षाचा सहकारीही प्रतिस्पर्धीच ठरतो, आणि जो सदस्य उत्तराची प्रत मतदाराच्या हाती ठेवतो, त्याला मतपत्रिकेवर वरची पसंती मिळण्याची आशा असते.

वृद्धेच्या प्रश्नावर आरोग्यमंत्र्यांचे उत्तर मात्र अनेकदा एवढेच असते, की ही सेवा पुरवण्याची बाब असल्याने एचएसईला सदस्यांना थेट उत्तर देण्यास सांगितले आहे. एचएसई ही 2005पासून सरकारी आरोग्यसेवा चालवणारी स्वतंत्र यंत्रणा. प्रत्येक खाटेचा हिशेब मंत्र्यांनी ठेवावा असे मीही म्हणणार नाही. पण सभागृहाने विचारायचे आणि उत्तर पत्राने एकट्या सदस्याकडे जायचे, ही पद्धत मला पटत नाही.

टीशॉक, म्हणजे पंतप्रधान, यांना विचारण्याची युक्ती तर मला फारच आवडते. घरबांधणी दुसऱ्या मंत्र्याकडे असल्याने त्यावर टीशॉकना सरळ प्रश्न टाकता येत नाही. म्हणून विरोधक विचारतात, की घरांविषयीची मंत्रिमंडळ समिती पुढे कधी बसणार. हाच प्रश्न अनेक जण देतात, टीशॉक ते सारे एकत्र घेऊन लहानसे उत्तर वाचतात, आणि मग उपप्रश्नांत प्रत्येक जण आपापल्या गावच्या घरांवर येतो. वराडकर आडनाव ऐकून आपल्याकडच्यांना येथे रस वाटेल: सिंधुदुर्गातील वराड हे ज्यांचे पितृगाव, ते लिओ वराडकर 2017 ते 2020 आणि पुन्हा 2022 ते 2024 या काळात टीशॉक होते, म्हणजे या फैरी त्यांनीही झेलल्या.

अधिकारी विचारले तेवढेच सांगतो, ही आमच्या जातीची खोड तेथेही आहे, आणि ती महागात पडू शकते. गोमांस उद्योगातील गैरव्यवहारांची चौकशी 1991मध्ये न्यायमूर्ती लियम हॅमिल्टन यांच्याकडे सोपवली गेली. ती चालू असताना तेच म्हणाले, की येथे जशी उत्तरे मिळतात तशी डॉलमध्ये मिळाली असती, तर या चौकशीची गरजच पडली नसती आणि बराच पैसा व वेळ वाचला असता.

शॅनड या वरिष्ठ सभागृहाच्या 60 सदस्यांना हे लेखी प्रश्न विचारता येत नाहीत, कारण राज्यघटनेनुसार सरकार डॉललाच जबाबदार आहे. त्यांना बैठकीच्या आरंभी एखादा विषय मांडता येतो, आणि त्यावर पुष्कळदा संबंधित मंत्र्याऐवजी दुसऱ्याच खात्याचा राज्यमंत्री येऊन हाती दिलेला कागद वाचून जातो.