आंब्याला टॅक्स नाही म्हणतात, मग मला कसा काय लागला?

तुमचा प्रश्न लांबलचक होता, तेव्हा आधी माझ्या शब्दांत सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वडील जानेवारीत गेले, रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या पुढे हापूसची बाग आणि जुनं चिऱ्याचं घर आहे, तुम्ही मुंबईत नोकरीला, पगार पावणेतेरा लाख, म्हणजे नव्या पद्धतीत टॅक्स शून्य. बाग ठेकेदाराला कराराने दिलीय, त्याचे ६ लाख येणार. बहीण आंबापोळी करून विकते. पुढच्या वर्षी घराच्या चार खोल्यांचा होमस्टे करायचाय आणि वीसेक गुंठे विकून त्याचा खर्च भागवायचाय. आणि तुमच्या मते हे सगळं "शेतीच" असल्यामुळे दाखवायची गरज नाही.

मी रत्नागिरीत सतरा-अठरा वर्षं लोकांची रिटर्नं भरतेय, आणि दर जुलैमध्ये किमान दहा चाकरमानी हेच वाक्य घेऊन येतात. शेती करमुक्त आहे हे शंभर टक्के खरं. घोळ होतो तो शेती कुठे संपते ते न कळल्यामुळे.

आधी बागेचं बघू. जमिनीत मेहनत करून आलेलं पीक, ते बाजारात नेण्यासारखं करायला शेतकरी जे नेहमी करतो तेवढं काम, आणि त्या जमिनीचा खंड, हे शेतीचं उत्पन्न. सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्येच सांगितलंय की मुळात जमिनीची मशागत झाली पाहिजे, नुसतं झाड उभं आहे म्हणून शेती होत नाही. तुमच्या बागेत खत, साफसफाई, फवारणी वडील करत होते, मग बाग कराराने दिली, तेव्हा तुमचे ६ लाख शेतीचेच. उलट ठेकेदाराने मोहोर बघून नुसती फळं विकत घेतली आणि काढून वाशीच्या बाजारात पाठवली तर त्याचा नफा हा व्यापार, पण ते त्याचं तो बघेल.

आता गंमत बघा. करमुक्त म्हणजे हिशोबातून बाद असं नाही. तुमचं बाकीचं उत्पन्न मूळ मर्यादेच्या, म्हणजे ४ लाखांच्या वर असेल आणि शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल, तर शेतीचं उत्पन्न फक्त दर ठरवायला मिळवतात. तुमचा आकडा मी २०२५-२६ च्या दराने कागदावर मांडून बघितला. पावणेतेरा लाखातून पगारदाराची सरसकट ७५ हजारांची वजावट जाता १२ लाख. त्यात बागेचे ६ लाख मिळवले की १८ लाख, त्यावर टॅक्स १ लाख ६० हजार. त्यातून मूळ मर्यादेचे ४ अधिक बागेचे ६ अशा १० लाखांवरचा टॅक्स, म्हणजे ४० हजार, वजा. राहिले १ लाख २० हजार. १२ लाखांपर्यंतची जी सूट सगळ्यांना माहितीय ती खरं तर जास्तीत जास्त ६० हजारांची सूट आहे, ती गेली की राहतात ६० हजार आणि वर ४ टक्के सेस, एकूण ६२,४०० रुपये. "बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही" हे ऐकून निश्चिंत बसलेल्या माणसाला हा आकडा दाखवला की तो आधी कॅल्क्युलेटर मागतो, मग पाणी.

पण थांबा, ते सहाही लाख तुमचे एकट्याचे नाहीतच. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर आई, तुम्ही आणि बहीण तिघांचा सारखा हिस्सा, म्हणजे तुमचे २ लाख. तेवढेच मिळवून वरचा हिशोब परत केला तर टॅक्स येतो २०,८०० रुपये. आई आणि बहिणीचं बाकीचं उत्पन्न ४ लाखांच्या आत असेल तर त्यांना काही लागत नाही. मात्र हे नुसतं कागदावर दाखवायचं नाही हां, वारस नोंद करून फेरफार पाडून घ्या, आणि पैसे खरोखर तिघांच्या खात्यात जाऊ देत. सगळे पैसे तुमच्या खात्यात आणि रिटर्नमध्ये मात्र तीन वाटे, असं झालं की प्रश्न विचारणारा विचारणारच.

आणि ठेकेदाराकडून रोख घेऊ नका. एका व्यवहारापोटी २ लाख किंवा जास्त रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला. "दोन-दोन लाख तीन हप्त्यात घेतो" असं एकाने मला विचारलं होतं, त्याने काही होत नाही, करार एकच आहे ना. उत्पन्न करमुक्त आहे म्हणून हा नियम सुटत नाही.

इथे आमच्या घरचं सांगते. माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं, बाबांची आंब्याची शंभरेक कलमं. ते कायम म्हणायचे, "अगो, आंब्याक कसलो टॅक्स? शेतकऱ्याक टॅक्स लागता काय?" आणि मी स्वतः या धंद्यात असून घरचं रिटर्न कधी भरलं नाही, दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या आणि बाबांनी कपाटातले ३ लाख ४० हजार बँकेत नेऊन भरले. पुढे विचारणा आली, की आंबा मे महिन्यात संपतो मग नोव्हेंबरात एवढी रोकड कशी? प्रश्न चुकीचा नव्हताच. बाबांकडे पुरावा म्हणजे बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा, त्यात वाशीच्या दलालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, दोऱ्यात ओवलेल्या, पिवळ्या कागदावर कार्बनची निळी अक्षरं, पेट्या इतक्या, डझन इतके, हमाली, तोलाई, दलाली वजा. निम्म्यांना वाळवी लागलेली, काहींवरची अक्षरं दमट हवेने पसरून नुसता निळा डाग. सातबाराच्या बारा नंबरात, म्हणजे पिकांच्या भागात, आंब्याची नोंद होती ती आजोबांच्या काळातली, झाडं निम्मी सुद्धा दाखवलेली नव्हती. शेवटी दलालाकडून खातेउतारा आणला, बँकेतून आधीच्या वर्षांचे काढलेले पैसे दाखवले, आठ महिन्यांनी मिटलं. तेव्हापासून बाबा पट्टी आली की मोबाईलवर फोटो काढून मला पाठवतात, कधी कधी रात्री साडेअकराला. तुम्हीही करारपत्र, फवारणीची आणि खताची बिलं, आणि ई-पीक पाहणीत झाडांची नोंद, एवढं तरी करून ठेवा. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं तर रिटर्नमध्येच जिल्हा, पिनकोड, किती एकर, स्वतःची की खंडाने, पाण्याची की पावसावरची असं सगळं विचारतात. तेव्हा सातबारा शोधत बसायची वेळ नको.

बहिणीची आंबापोळी. इथे शेती संपली. आंबा झाडावरून काढला, आढीत घातला, पेटीत भरला तोवर शेती, रस काढून साखर घालून ताटात वाळवला की धंदा. कोकम सरबत, कॅनिंगचा रस, भाजून सोललेले काजूगर, सगळ्याला हेच. पण घरचा आंबा वापरला असेल तर त्याचा बाजारभाव नफ्यातून वजा मिळतो आणि तेवढा भाग शेतीचाच राहतो. समजा ८० हजारांची पोळी विकली, घरचा आंबा त्या दिवसाच्या भावाने ३० हजारांचा, साखर-गॅस-मजुरी २० हजार, तर धंद्याचं उत्पन्न ३० हजार. तिचं एवढंच असेल तर टॅक्स काही नाही, फक्त वहीत लिहून ठेवायला सांगा.

जाता जाता, इकडे नेहमी चुकतात ती दोन-तीन. कलमांची नर्सरी असेल तर तिचं उत्पन्न कायद्याने शेतीचंच धरलंय, बिनधास्त. पण मासेमारीची होडी, कोळंबीचं तळं, कोंबड्या, दुभती जनावरं हे शेती नाही. आणि शेतजमिनीत चिरेखाण काढून दिली तर त्याचे पैसे शेतीचे नाहीत, सातबारावर काहीही लिहिलेलं असो.

होमस्टेला सरळ धंदा समजा. उलाढाल २ कोटींच्या आत असते तिथे अंदाजी पद्धत घेता येते, म्हणजे बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या पैशाच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के नफा धरून टॅक्स भरायचा, वह्या ठेवायची सक्ती नाही. (एकदा घेऊन मधेच सोडली तर पाच वर्षं परत घेता येत नाही, तेव्हा दरवर्षी उड्या मारू नका.) आता तुमच्या बाबतीत एक गोची आहे. ही पद्धत घेणारे लोक सुगम म्हणजे चार नंबरचा फॉर्म भरतात, पण शेतीचं उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल तर तो चालत नाही, तीन नंबर भरावा लागतो. यंदा होमस्टे नाही तर दोन नंबर. सहज म्हणणारा एक नंबर तर तुम्ही विसरूनच जा, शेतीमुळे तो गेला.

जीएसटीचं लोक उगाच घाबरतात. सेवेला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, चार खोल्यांना तेवढं व्हायला वेळ आहे. पण ते २० लाख मोजताना एका पॅनवरची करमुक्त विक्रीसुद्धा उलाढालीत येते, म्हणजे त्याच नावावर आंब्याची मोठी विक्री असेल तर मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर येते. म्हणून होमस्टे कुणाच्या नावावर करायचा हे सुरू करायच्या आधी ठरवा. बुकिंग ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून आलं आणि तुमची नोंदणी नसेल तर त्या खोलीचा जीएसटी प्लॅटफॉर्मच भरतो, रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे. राज्याच्या पर्यटन खात्याच्या निवास न्याहारी योजनेत नोंद केलीत तर चांगलंच, पण त्याने आयकरात काही माफ होत नाही, हाही एक लोकप्रिय गैरसमज.

वीस गुंठ्यांचं. खेड्यातली शेतजमीन भांडवली मालमत्ता धरतच नाहीत, त्यामुळे विकली तरी नफ्यावर टॅक्स नाही. खेड्यातली म्हणजे काय, तर जवळच्या नगरपालिकेची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर तिच्या हद्दीपासून २ किलोमीटरच्या पलीकडे, आणि हे अंतर सरळ हवाई रेषेत मोजायचं, घाटातल्या वळणांनी नाही. रत्नागिरी शहर २०११ च्या जनगणनेत ७६ हजारांच्या आसपास होतं, म्हणजे इथे २ किलोमीटरचा नियम, आणि तुम्ही पावसच्या पुढे म्हणजे कुठच्या कुठे लांब. पण लोक काय करतात, भाव चांगला मिळावा म्हणून आधी बिनशेती करून घेतात, प्लॉट पाडतात आणि मग विकतात. झालं, ती शेतजमीन राहिली नाही, सवलत गेली, नफ्यावर साडेबारा टक्के. वडिलोपार्जित असल्याने २००१ च्या आधीची असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत खरेदी म्हणून धरता येते हे खरं, पण तेव्हाचा कोकणातला भाव आठवा, किती दिलासा मिळेल ते कळेल. एजंट "एनए करून देतो" म्हणाला की त्याच्याकडून जादा मिळणारी रक्कम आणि हा टॅक्स शेजारी शेजारी लिहून बघा आणि मगच हो म्हणा. वरकस पडीक तुकडा असेल तर तिथे काहीतरी पीक घेतल्याची नोंद आहे का तेही बघा. आणि विसार रोख घेऊ नका, जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली की तेवढाच दंड.

शेवटी तुम्ही कंसात विचारलंत ते चुलत भावाचं. त्याचं नाव सातबारावर आहे आणि तो विक्रीतला स्वतःचा वाटा तुम्हाला प्रेमाने देतोय म्हणालात. सख्खा भाऊ, बहीण, काका, मामा, आत्या, मावशी यांनी दिलेली भेट कितीही असो टॅक्स नाही. चुलत भाऊ त्या यादीत नाही. कोकणात तो सख्ख्यापेक्षा जवळचा असतो, गणपतीला एकाच पाटावर बसतो, पण आयकराला तो परका, आणि वर्षात परक्यांकडून ५० हजारांच्या वर आले की सगळी रक्कम तुमच्या उत्पन्नात. काकांचा हिस्सा काका हयात असताना त्यांनीच दिला असता तर गोष्ट वेगळी होती.

वडिलांचं रिटर्न विसरू नका. एप्रिलपासून ते गेले त्या तारखेपर्यंतचं उत्पन्न, एफडीचं व्याज वगैरे, त्यांच्याच पॅनवर वारस म्हणून भरायचं असतं. पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करायला मृत्यूचा दाखला, त्यांचं पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो, मंजुरीला दिवस जातात, म्हणून हे काम जुलैची वाट न बघता आधी घ्या. आणि मी वर कायद्यातल्या कलमांचे नंबर मुद्दाम दिले नाहीत, १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून नवा लागू, त्यात नंबर सगळे बदललेत, मला स्वतःला अजून जुनेच तोंडात येतात.