फाइलीला परवानगी, रूटला अधिकार

प्रश्न असा आहे: लिनक्सवर ‘वाइन’च्या मदतीने विंडोजचे प्रोग्रॅम कसे चालवायचे, हे मराठीत लिहिताना ‘फाइल परमिशन’ला परवानगी म्हणावं की अधिकार? आणि ‘रूट अ‍ॅक्सेस’साठी ‘मूलाधिकार’ चालेल का?

दोन्ही शब्द हवेत, पण आपापल्या जागी. परवानगी आपण मागतो, देतो, नाकारतो. ती ठरावीक गोष्टीपुरती असते. अधिकार माणसाकडे किंवा पदाकडे असतात, ते वापरले जातात, गाजवलेही जातात. लिनक्समध्ये हा फरक जसाच्या तसा सापडतो. प्रत्येक फाइलीवर मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी वाचणं, लिहिणं, चालवणं या तीन गोष्टींची नोंद असते. त्या परवानग्या. रूट हा 0 क्रमांकाचा वापरकर्ता. वाचण्या-लिहिण्याच्या बाबतीत या नोंदी त्याला अडवत नाहीत. त्याच्याकडे आहेत ते अधिकार. म्हणून ‘सुडो’ लावून दिलेली आज्ञा ‘रूटच्या अधिकारात’ चालते, असं लिहावं. (फोल्डरसाठी मात्र ‘चालवण्याची परवानगी’ लिहू नका. फोल्डर कोणी चालवत नाही. तिथे तीच खूण आत शिरू देते, तेव्हा ‘प्रवेशाची परवानगी’.)

वाइनबद्दल लिहिताना मात्र तिसरा शब्द जास्त कामाला येतो, तो म्हणजे मालकी. विंडोजमध्ये ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ची सवय झालेला माणूस इन्स्टॉलर अडला की ‘सुडो वाइन’ लिहून मोकळा होतो. मग घरच्या फोल्डरमधला ‘.वाइन’ हा फोल्डर, ज्यात विंडोजचा सी ड्राइव्ह मांडलेला असतो, रूटच्या नावावर चढू शकतो. सातबारावर दुसऱ्याचं नाव चढावं तसंच हे. पुढच्या वेळी साध्या वापरकर्त्याने वाइन सुरू केली की ती सांगते, हा फोल्डर तुमच्या मालकीचा नाही, आणि तिथेच थांबते. अशा वेळी पुष्कळजण ‘सीएचमॉड 777’ करून सगळ्यांना सगळ्या परवानग्या देऊन टाकतात. उपयोग शून्य, कारण वाइन इथे परवानगी तपासतच नाही, मालक कोण ते बघते. उपाय ‘सीएचओन’चा: फोल्डर आतल्या सगळ्यासकट पुन्हा आपल्या नावावर करायचा. मराठी मजकुरात ‘परवानगीची अडचण’ असं ढोबळ लिहिलं, तर वाचणारा नेमका चुकीच्या आज्ञेकडे वळेल.

खरं तर रूटची गरजच नसते. वाइन विंडोजच्या प्रोग्रॅमला भासवते की तो प्रशासकाच्या अधिकारात चालला आहे. प्रत्यक्षात त्याची मजल तुमच्या स्वतःच्या अधिकारांपुरतीच. वाइनच्या नेहमीच्या मांडणीत झेड ड्राइव्ह म्हणजे लिनक्सची अख्खी फाइलव्यवस्था. रूटच्या अधिकारात एखादा विंडोजचा व्हायरस चालला तर त्याला सगळं रान मोकळं. म्हणून वाइन बनवणारेही ती रूट म्हणून चालवू नका, असं बजावतात.

आता ‘मूलाधिकार’. मला तो नको वाटतो. कानाला तो राज्यघटनेतल्या मूलभूत हक्कांसारखा लागतो, आणि ते हक्क सर्वांचे असतात; रूटचे अधिकार एकट्या रूटचे. शिवाय ‘रूट’ इथे वापरकर्त्याचं नाव आहे, आणि नावाचं भाषांतर करू नये. तिरक्या रेघेने दाखवतात त्या सर्वांत वरच्या फोल्डरला मात्र ‘मूळ फोल्डर’ खुशाल म्हणा, तिथे अर्थ चपखल बसतो. वापरकर्त्यासाठी ‘रूटचे अधिकार’ एवढंच पुरे.